राबाचा दिवस सांगणारी वारेवाली

वारेवाली दारात आली की माशांचा भाव सांगायच्या आधी मावळतीकडे वळायची आणि तोंड उघडं टाकून उभी राहायची. डोक्यावर पाटी तशीच, एक हात पाटीला, दुसरा कमरेवर. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मी तिला पहिल्यांदा अशी पाहिली. बाईला झटका आला असं वाटून मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. तिने तांब्या कोपराने बाजूला सारला. "थांब, वारा चाखतंय," म्हणाली. मग ओठ चाटले आणि ओटीवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "खारट हाय. सांजच्याला खाडीवर ढग भरंल, दोन थेंब पडतील न पडतील. तुमच्याकडं तेबी न्हाय. तुमच्याकडं चार दिवस नुसतं भाजंल." एवढं झालं की पाटी खाली आणि मग बोंबलाचा भाव.

तिचं खरं नाव गावात कुणी घेतलं नाही. तोंडावर मावशी, पाठीमागे वारेवाली. ती खारबावच्या बाजूची, खाडीकाठची. माझं माहेरही तिकडचंच, म्हणून सगळं गाव मला सूनबाई म्हणत असलं तरी ती पोरी म्हणायची. माझे केस पांढरे झाले तरी पोरीच. आमचं गाव भिवंडीच्या आत, दिघाशीच्या पुढे, नदीच्या खोऱ्यात, तिन्ही बाजूंनी टेकड्या. ती आठवड्यातून तीनदा सकाळच्या एसटीने यायची आणि रस्त्यावर उतरून आमच्यापर्यंत चालत. पुढे एसटीच्या जागी टेम्पो आला, तिचं चालणं तेवढंच राहिलं. तुमच्याकडेही अशी एखादी येत असेल. तिचे मासे विसरला असाल, तिचं तोंड विसरला नसाल.

चौथीच्या भूगोलातल्या पावसाच्या नकाशात आमचा अख्खा जिल्हा एका रंगात रंगवला होता. पुढे मी शिकले नाही, त्यामुळे तो रंग माझ्या डोक्यात बरीच वर्षं तसाच राहिला. वारेवालीला तो मान्य नव्हता. आमच्या ओटीवर रेडिओ लागलेला असायचा, त्यात हवामान सांगायला लागले की ती हातातला मासा तसाच धरून ऐकायची. 'तुरळक ठिकाणी पाऊस' असं आलं की चिडायची. "तुरळक ठिकानी म्हंजे कोनाच्या दारात? नाव सांग ना, बाबा." एकदा म्हणाली, "जिल्हा म्हंजे काय एक खाट हाय, सगळ्यांवर एकच गोधडी घालाया?" ती स्वतः नेहमी दोन अंदाज सांगायची, एक खाडीचा, एक आतला. वैशाखात खाडीकाठी अंगावरचा घाम सुकत नाही, धुतलेलं लुगडं संध्याकाळपर्यंत ओलसर राहतं. आमच्या खोऱ्यात तेच लुगडं घमेल्यातून काढून दोरीवर टाकेपर्यंत अर्धं वाळतं आणि दुपारी वारा भट्टीतून आल्यासारखा येतो. कधी खाडीवर काळंकुट्ट होऊन नुसताच गडगडाट होतो, आणि पाऊस पडतो तो टेकड्यांना अडून आमच्याकडे. ती दोन्हीकडे अनवाणी चालली होती, म्हणून तिला दोन्ही माहीत होतं. त्यात दैवी काही नव्हतं.

तिचं यंत्र म्हणजे सुका बोंबील. बाजारातला चालत नसे, घरच्या वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या मांडवावर, स्वतः बांबूला टांगून वाळवलेलाच हवा. पाटीतून एक काढायची आणि सगळ्यांसमोर मोडायची. कडाक मोडला तर चार दिवस कोरडे. थोडा वाकून मोडला तर दोन. नुसताच वाकला तर ती हाक द्यायची, "पापड, मिरच्या, गवऱ्या, काय असंल ते आत घ्या." सुका मासा हवेतला ओलावा आमच्या आधी पितो, एवढंच त्याचं कारण. मोडलेला बोंबील मात्र फुकट द्यायची नाही. दोन्ही तुकडे परत पाटीत टाकून मलाच विकायची.

ती गोड बाई नव्हती, हे लिहायला हवं. नाहीतर माणूस गेलं की सगळेच गोड होतात. कालचा मासा आजच्याखाली सरकवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. माझी सासू मासे निवडत बसली की म्हणायची, "चिवड, चिवड, आतून सोनं निघंल." माझ्या नवऱ्याने एकदा थट्टेने विचारलं, "मावशी, पाऊस कधी पडणार?" ती म्हणाली, "भिजलास की समजंल." मला पहिली मुलगी झाली तेव्हा सगळ्या बायका काहीतरी बरं बोलून गेल्या. ही बघून म्हणाली, "नाक बापाचं आलंय. हुईल काहीतरी."

पण एक गोष्ट तिच्यात होती. चुकली की दुसऱ्याच फेरीला येऊन सांगायची. गावात एका लग्नाला तिने कोरडा दिवस सांगितला होता, आणि अक्षता पडायच्या वेळी वावटळ येऊन मांडव नवऱ्यामुलाच्या अंगावर बसला. तिसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन थेट त्या घरी गेली. "चुकलं माजं. टेकडीमागचा ढग मी धरलाच न्हाय," एवढं बोलली आणि मासे विकायला बसली. माफी मागितली नाही, कारणं दिली नाहीत. त्यामुळे पुढच्या वेळी लोक परत तिलाच विचारायला आले.

आता राबाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजून घेतात. शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, गळलेल्या पानांचा पातेरा, गवत, वर बारीक मातीचा थर, असं रचतात आणि वैशाखात पेटवतात. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोपाच्या आधी तण वर येतं. वळवाच्या पावसात भिजला तर धुमसत राहतो, भाजत नाही. आणि वारा असताना पेटवला तर आग शेतात थांबत नाही. म्हणजे पाऊस यायच्या आधीचा, पण वारा नसलेला दिवस पाहिजे. असे दिवस वर्षाला मोजकेच मिळतात.

तो दिवस वारेवाली सांगायची. सकाळी आमच्याकडे टेकडीवरून वारा उतरतो, दुपारी खाडीकडून वर येतो. मधे थोडा वेळ दोन्ही नसतात. त्या वेळेला ती 'वाऱ्याचं जेवन' म्हणायची. "वारा जेवाया बसला की पेटवा. हात धुवून उठला की मंग तुमचं काय खरं न्हाय." कुठल्या दिवशी जेवण लांबेल, कुठल्या दिवशी आटोपतं घेईल, हे ती खाडीवरच्या वाऱ्यावरून आणि भरतीच्या जोरावरून सांगायची. खाडीवर वारा उठला की साधारण तीन तासांनी तो आमच्याकडे पोचायचा, हा तिचा हिशेब होता.

आणि आमच्यात अशी रीत होती की लागून असलेले राब एकाच दिवशी पेटवायचे. एकट्याने कुणी पेटवायचा नाही. सगळ्या घरची माणसं हातात ओला टहाळ घेऊन बांधावर उभी राहतात, आग बांध ओलांडायला लागली की झोडपून विझवतात. वारेवालीने दिवस सांगितला म्हटलं की माणसं आपोआप यायची. तिने सांगितला नसेल तर कितीही बोलवा, कुणी येत नसे.

पुढे गुदामं आली. रस्त्यालगतची शेतं गेली, मग आतली गेली. राब करणारी आम्ही चार घरं राहिलो. बाकीच्यांची मुलं गुदामात ड्युटीला, कुणी भिवंडीत लूमवर. वारेवालीचे गुडघे गेले आणि तिचं येणं बंद झालं. मग मी फोन करायला लागले. वैशाख लागला की चारही घरं मला विचारायची, मी तिला विचारायची, ती तिकडे मागच्या दारी जाऊन बोंबील मोडायची. मोडल्याचा आवाज मला फोनवर ऐकवायची. मोबाइलवर हवामान बघणारी माझी नात हसायची. मोबाइलवर भिवंडीच्या नावापुढे एक सूर्य दिसतो. खारबावलाही तोच आणि आम्हालाही तोच.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शेताला मी आणि मुलगा. मुलगा गुदामात, शिफ्टमध्ये. त्याला त्या महिन्यात नीट सुट्टी अशी एकाच रविवारची मिळाली. बुधवारपासून पाऊस येणार असं सगळे म्हणत होते. शनिवारी दुपारी मी वारेवालीला फोन लावला.

"उद्या न्हाय," ती म्हणाली.

"का गं? बोंबील वाकतोय?"

"बोंबील मोडतोय. बुधवारपातूर पानी न्हाय. पन वारा खराब हाय. उद्या भरतीचा जोर हाय, खाडीवर धाच्या आत उठंल. आन तुमच्याकडं आता तीन तास बी धरू नको. ती पत्र्याची गुदामं झाल्यापासून वारा जेवतोय कुठं, उभ्या उभ्या दोन घास खातो. मंगळवारी कर."

"मंगळवारी पोरगा कामाला जाईल."

"मंग पोरग्यालाच इचार वारा कवा येनार. मला कशाला इचारतीस?" आणि तिने फोन ठेवला.

मी मुलाला काही सांगितलं नाही. बांधापर्यंत गेले. तिथे यशवंता उभा होता. यशवंता माझ्या चुलत दिराचा मुलगा, मला काकी म्हणतो. भिवंडीत लूमवर होता. त्याचा राब माझ्या राबाला लागून आणि त्याच्या पूर्वेला त्याचा गोठा. त्याने विचारलं, "काय म्हनाली मावशी? उद्या करायचं?"

मी म्हटलं, "करा म्हणाली."

खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. मला माहीत होतं की तिचं नाव घेतल्याशिवाय उद्या बांधावर एक माणूस येणार नाही, आणि मला उद्याच हवं होतं.

रविवारी चारही घरची माणसं आली. कडेने गवत खरवडून घेतलं, पाणी मारलं. अकराला हवा पडली, झाडाचं पान हलेना. यशवंताच म्हणाला, "बसला बग जेवायला," आणि सगळे हसले. पेटवलं. अर्धा राब भाजून झाला नसेल तेवढ्यात खाडीकडून वारा आला. हळूहळू नाही आला. गुदामांच्या दोन भिंतींमधल्या बोळातून एकदम सुटल्यासारखा आला. आग बांधावर चढली, आम्ही झोडपत राहिलो, ती आमच्या पायांमधून पुढे गेली. यशवंताच्या पेंढ्याच्या उडवीला लागली आणि उडवीवरून गोठ्याला.

गोठ्यात गाभण गाय बांधलेली होती. यशवंता आत गेला. छपरावर गुदामातून टाकून दिलेला निळा प्लास्टिकचा कागद घातला होता, हल्ली सगळेच घालतात. तो वितळून वरून गळायला लागला. दाव्याची गाठ सुटत नव्हती. त्याने ती सोडवली, गाय बाहेर आली, मागून तोही आला. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ते निळं चिकटलेलं होतं. भिवंडीच्या दवाखान्यातून त्याला ठाण्याला हलवलं. हात राहिले, पण बोटं मिटेनात. लूमवर तुटलेला धागा बोटांच्या टोकांनी जोडावा लागतो. ते काम गेलं.

संध्याकाळी त्याची बायको सुगंधा ठाण्याहून कपडे न्यायला आली. माझ्या ओटीवर आली, माझ्या हातातून माझा फोन घेतला आणि वारेवालीला लावला. जे तोंडाला आलं ते बोलली. तुझ्या शब्दावर पेटवलं, माझं घर जाळलंस, मरताना पाणी पाजायला कुणी मिळायचं नाही, असं सगळं. मी तिथेच उभी होते. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. सुगंधाने फोन माझ्या अंगावर टाकला. "थेरडी इचारते, हात कसे हायत म्हनून," ती म्हणाली.

त्या मंगळवारी आमच्या खोऱ्यात तीन वाजेपर्यंत पान हललं नाही. मी ओटीवर बसून बघत होते.

गाव वारेवालीच्या 'चुकलं'ची वाट बघत होतं. पूर्वी मांडवाच्या वेळी म्हणाली तसं आता म्हणेल, मग थोडं रागवून सोडून देऊ, असं लोकांच्या मनात होतं. ती म्हणाली नाही. माझं चुकलं नाही, असंही म्हणाली नाही. त्यावर लोक जास्तच चिडले. एवढं करून चुकलं म्हणायला जीभ उचलत नाही, म्हणाले. म्हातारीची चव गेली, म्हणाले. चाळीस वर्षं तिच्या शब्दावर आग लावणाऱ्या माणसांनी ते दोन दिवसांत ठरवलं. मी ते ऐकलं आणि भाकऱ्या थापल्या.

वर्षभर मी तिला फोन केला नाही. रोज सकाळी यशवंता माझ्या दारावरून जायचा, गुदामाच्या गेटवर बसायचं काम त्याला मिळालं होतं. डबा कोपरात अडकवलेला असायचा. "काकी, काय चाललंय?" विचारायचा. मी म्हणायची, "बरं हाय." एवढंच आमचं बोलणं.

पुढचा वैशाख आला. चारही घरांनी राब रचले आणि कुणीही पेटवेना. एक म्हणे मोबाइलवर बघा, दुसरा म्हणे मोबाइलवर वारा कुठे कळतो. ढग टेकडीमागे दिसायला लागले. मी सकाळचा टेम्पो धरला आणि खारबावला गेले.

दारात तिची सून होती. म्हणाली, "पडून असतात, पन कान जागे हायत." आतून आवाज आलाच. "कोन, पोरी काय? ये. वर्ष लागलं का गाडी मिळायला?"

खाटेवर ती एवढीशी झाली होती. खिडकीतून खाडीची दमट हवा येत होती, माझ्या पाठीला लुगडं चिकटलं होतं. मी बसले नाही. सरळ विचारलं, "सुगंधाला तू खरं का न्हाय सांगितलंस?"

"कुठलं खरं?"

"तू नको म्हणाली होतीस ते."

"ते तुजं खरं हाय. तुजं काम मी कशाला करू?"

मी म्हटलं, "मला वाटलं माझ्यासाठी गप्प राहिलीस."

"तुज्यासाठी? तू काय माजी लेक हायस? लेक असतीस तर झिंज्या धरल्या असत्या." तिला दम लागला. सुनेने पाणी दिलं, तिने ते प्यायलं आणि मग सावकाश बोलली. "त्या दिशी बोलले असते तर ती बाई नवऱ्याकडं बगायचं सोडून तुज्या दारात भांडाया बसली असती. त्याचे हात वले होते अजून. म्हटलं, पोरी सांगंल आठ दिसांनी. मंग म्हटलं, पावसाळा जाऊ दे. मंग दिवाळीपातूर वाट बगितली. मंग सोडून दिलं."

तरी ज्या कामाला आले होते ते मी विचारलंच. "यंदाचा दिवस सांग."

"तुला सांगून काय उपेग? मी एक सांगनार, तू जाऊन दुसरं सांगनार." तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग तशीच म्हणाली, "आदी यशवंताला सांग. त्याच्या तोंडासमोर उभी ऱ्हा आन सांग. मंग फोन कर. मी दिवस सांगतंय."

मी परत आले. यशवंताकडे गेले नाही. आज जाते, उद्या जाते असं करत अकरा दिवस घालवले. त्यात काही अडचण नव्हती, त्याचं घर माझ्या ओटीवरून दिसतं. बाराव्या दिवशी तिच्या सुनेचा फोन आला. आदल्या दिवशी दुपारी वीज गेली होती, पंखा बंद, खाडीवर हवा अशी की श्वास घ्यायला जड. म्हातारीने पाणी मागितलं आणि आणेपर्यंत गेली. म्हणजे ती आमच्या गावात खोटी ठरलेली असतानाच गेली. ते बदलायला माझ्याकडे अकरा दिवस होते.

त्याच संध्याकाळी मी यशवंताकडे गेले. तो ओटीवर चहा पीत होता, कप दोन्ही मनगटांत धरून. सुगंधा भाकरी करत होती. मी उभ्यानेच सांगितलं. मावशी नको म्हणाली होती, 'करा' हे माझं. सुगंधा पिठाच्या हातानेच उठून आली. "बाहेर व्हा," म्हणाली. आजवर ती मला अहो-जाहो कधी करत नव्हती. यशवंताने एकच विचारलं, "तिने कुठला दिवस सांगितला होता?"

"मंगळवार."

त्याने मान हलवली आणि राहिलेला चहा संपवला. मी बाहेर आले.

गाव लगेच म्हणायला लागलं की म्हातारी बरोबरच होती, आम्हाला तेव्हाच शंका आली होती. तिच्या तेराव्याला आमच्या गावातली माणसं टेम्पो करून खारबावला गेली. मला कुणी चल म्हटलं नाही, मीही निघाले नाही. सुगंधा गेली होती असं कळलं. तिथे काय बोलली ते मला कुणी सांगितलं नाही.

बाकी तीन घरांनी माझ्याशिवाय एका सकाळी राब पेटवले. दंवात पेटवल्यामुळे अर्धे कच्चे राहिले. माझा तसाच होता. वारेवालीची सून मला फारशी ओळखत नव्हती, तरी तिला फोन करून विचारलं, खाडीवर वारा कधी उठतो ते सांगशील का. ती पाच दिवस रोज सांगत होती. मी माझ्या ओटीवर बसून इकडे तो कधी पोचतो ते बघत होते. आता दोन तासांतच पोचतो, आणि नदीच्या अंगाने नाही, गुदामांच्या बोळातून. सहाव्या दिवशी तिने सांगितलं, आज बारा वाजून गेले तरी खाडीवर हवा पडलेलीच आहे. भरतीचा जोर उतरला होता. आकाश धुरकट होतं, पण ढग नव्हता. मुलाने त्या दिवशी रजा घेतली होती. आम्ही दोघांनी कड खरवडली, पाण्याचं पिंप भरून ठेवलं आणि राब पेटवला.

आग अर्ध्यावर आली असेल तेव्हा यशवंता घरातून निघाला. नव्या गोठ्याच्या आणि माझ्या बांधाच्या मधे येऊन उभा राहिला. बोटं मिटत नाहीत म्हणून ओला टहाळ त्याने दोन्ही मनगटांत दाबून धरला होता. मुलगा खूश झाला. "आई, दादा मदतीला आला," म्हणाला.

मी म्हटलं, "मदतीला न्हाय. गोठा राखायला आलाय."

एक वाजता खाडीवर वारा उठल्याचा वारेवालीच्या सुनेचा फोन आला. राब सगळा भाजून झाला, वरची राख पांढरी पडली. मुलगा पिंप उचलायला लागला. यशवंताही टहाळ टाकून घराकडे वळत होता. मी मुलाला म्हटलं, "पळत जा आणि त्याला सांग, आत विस्तव हाय अजून, आणि वारा तीनला येनार. तोवर हलू नको म्हणावं."

मुलाने जाऊन सांगितलं. यशवंताने माझ्याकडे बघितलं नाही. टाकलेला टहाळ कोपराने उचलून परत मनगटांत धरला आणि तीन वाजून गेले तरी तिथेच उभा होता.